माह्या हातचे शंकरपाळे

माहं गाव जळगाव जामोदहून जीपनं अर्ध्या तासावर, अंगणात उभं राह्यलं की सातपुडा दिसते, दोन एकर वावर, त्यात वांगे, मेथी, कांदे अन् बांधाच्या कडेनं केळी. मी आईबापाची एकुलती एक लेक, दुर्गा, आठवी पास अन् नववीत साळा सोडली. काऊन सोडली हे मी मायले आजपर्यंत सांगतलं नाही. तुम्हाले सांगून राह्यली, ताई, काऊन की तुम्ही दोन वर्षं पुण्यातल्या या मेसमध्ये माह्या हातच्या पोळ्या खाल्ल्या, अन् मी रोज पाहत होती, तुमच्या ताटात कधी तुकडा उरला नाही. तुमचं ध्यान नसंल, माहं होतं.

मी दहा वर्षांची असतानी ओठाच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका आला, मंग बोटाईवर आला, मंग हे पाहा, पूर्ण पंजाच. कोड म्हणतात याले. डॉक्टरनं तवाच सांगतलं होतं, हे लागत नाही, दुखत नाही, कोणाले होत नाही कोणापासून. पण डॉक्टरनं सांगतलं बाबाले अन् बाबा सांगणार कोणाले, गावात घरोघर जाऊन थोडीच सांगते कोणी.

तुमच्या इकडे भोंडला असते, तशी आमच्याकडे भुलाबाई. भादव्याच्या पुनवेपासून कोजागरीपर्यंत पोरी घरोघर जातात, गाणे म्हणतात, अन् गाणे झाले की घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते. डब्यात खिरापत. डबा हालवायचा, कान लावायचा, आवाजावरून ओळखायचं आत काय हाय. चिवडा काय, लाडू काय, भलतंच काहीबाही सांगायचं, हसायचं, अन् ओळखलं का मंग सगळ्याईनं मिळून खायचं. लय मजा असते, काय सांगू. मले वर्षभर त्याचीच वाट असे.

मी आठवीत होती त्या वर्षी पोरी आमच्या घरी आल्या, सात जणी. त्यात वैशू होती, वैशाली, माह्याच बेंचावरची, पयलीपासूनची मैत्रीण. आम्ही दोघीनं त्या दिवशी दुपारी वावरात चिंचा खाल्ल्या होत्या. माह्या मायनं गुळाचे शंकरपाळे केले होते, म्हणजे पीठ तिनं मळलं, अन् लाटले, कापले, तळले मी. पोरीईनं डबा हालवला, खळखळ वाजला, वैशूनं पयल्याच झटक्यात ओळखलं. माय खूश. झाकण काढलं अन् म्हणे, खा व पोरीहो, हे माह्या दुर्गानं स्वतःच्या हातानं केले.

एवढंच बोलली माय. लेकीचं कौतुक केलं, दुसरं काय. पण सात जणीचे हात डब्याजवळ आले होते ते तिथंच थांबले. मी ते पाह्यलं. मायनं नाही पाह्यलं. एक पोरगी म्हणे, काकू, पोट भरलं. दुसरी म्हणे, माहा दात दुखते. वैशू ओढणीले हात पुसत राह्यली, अजून काही खाल्लं नव्हतं तरी. माय भोळी, तिले वाटलं चार घरं फिरून आल्या, भरलं असंल पोट. तं तिनं पेपर फाडला, सात पुड्या बांधल्या, केळीच्या सोपटाच्या दोरीनं गाठ मारली, मायची गाठ एकच असते, वरून फुलासारखी, अन् एकेकीच्या हातात देल्या. घरी जाऊन खाजा म्हणे.

सकाळी साळेत जातानी बसथांब्याजवळच्या नालीत त्या पुड्या पडल्या होत्या. गाठी तशाच. एकही सुटलेली नव्हती. मी मोजल्या, सात.

आता ऐका, ताई, मी काय केलं. त्याच रस्त्यानं माय थोड्या वेळानं मेथीची टोपली घेऊन येणार होती. तिनं हे पाहू नये एवढंच माह्या डोक्यात. मी सातही पुड्या उचलल्या, दप्तरात कोंबल्या, अन् साळेच्या मागच्या भिंतीले टेकून खात बसली. ज्या ओल्या झाल्या होत्या त्या बकरीले टाकल्या, बाकीच्या मी खाल्ल्या. मायचं पीठ फेकू कसं. घरी आली तं मायनं इचारलं, आवडले काय व पोरीईले? मी म्हटलं, हो माय, सगळ्याईले लय आवडले.

चुकलं ते इथं चुकलं माहं. माय इतकी हरखली की दर शनिवारी डबा भरून द्याले लागली, घेऊन जा तुह्या मैत्रिणीईले म्हणे. अन् मी दर शनिवारी भिंतीमागं बसून सात जणीचं खात जाओ. तिकडे वर्गात मी उठली का पोरी बेंच पुसायच्या, माही वही पास करायची तं पट्टीनं ढकलायच्या, चितकबरी म्हणायच्या. वैशू दुसऱ्या बेंचावर गेली. ती कधी चितकबरी म्हणाली नाही, खोटं काऊन बोलू, पण ती हसे. मारलं कोणी नाही, ताई. मारलं असतं तं मायले वळ दाखवता आले असते.

नववीत सकाळ झाली का माहं पोट दुखाले लागे. खरंच दुखे, नाटक नव्हतं. छातीत धडधड होये, हात गार पडत. वावरातल्या विहिरीच्या काठावर जाऊन बसत जाओ. एक दिवस लय वेळ बसली, काय मनात होतं ते नाही सांगत, बाबानं मोटर बंद करून हाक मारली म्हणून उठली. पोटाचे डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. मायनं एक डाव मारलं, मंग स्वतःच रडत बसली. तिची लय इच्छा होती मी नर्स व्हावं. बाबा म्हणे, राहू दे, नाही जात तं नाही जात.

मंग आत्यानं पुण्याले आणलं. या मेसच्या काकूजवळ उभी केली. मी ओढणीत हात लपवलेले. काकू म्हणाल्या, अगं हात लपवून पोळ्या कशा लाटशील? मी पयली पोळी तव्यावरून काढली, काकूनं उभ्या उभ्या तिचा तुकडा मोडला, तोंडात टाकला अन् म्हणाल्या, मीठ कमी झालंय. बस. ताई, मले तिथंच रडू आलं. त्याईले वाटलं मिठावरून रडते. मी तेरा वर्षं झाले इथं लाटून राह्यली, काकूचे उपकार या जन्मात फिटत नाहीत माह्याकडून. तरी सवय जात नाही. जेवणं झाले का मी खरकट्याची बादली पाहाले जाते. तुकडे कुठले, किती, अख्खी पोळी कोणी टाकली काय. काकू रागावतात, म्हणतात, दुर्गा, पोट भरलं असेल कोणाचं. मी हो म्हणते अन् पाहतेच.

तुम्ही त्या दिवशी जेवतानी सांगतलं ना, तुमच्या मानसशास्त्राच्या शिक्षणात हेच शिकवतात, की साळेत पोराईनं एकाले चिडवणं, वाळीत टाकणं हे एका गावाचं नाही, सगळ्या जगात पोरी-पोरं असं सोसतात अन् मोठे झाले तरी ते अंगातून निघत नाही, झोप जाते, धडधड होते. त्या दिवशी मले बरं वाटलं, मी येडी नव्हती म्हणून. मंग पोळ्या लाटतानी मनात आलं, म्हणजे आत्ता या घडीले किती पोरी कोणत्या भिंतीमागं बसल्या असतीन. मंग बरं नाही वाटलं.

या वर्षी भुलाबाईत मायचा फोन आला. गुडघे दुखतात पण शंकरपाळे करते म्हणे अजून, गावातल्या पोरी येतात. वैशूले गावातच देली, तिची लेक सहा-सात वर्षांची. माय म्हणे, वैशू दारात उभी होती, तुह्याबद्दल इचारे, दुर्गा कशी हाय, मले आठवते काय, अन् लेकीले पुढं करून म्हणे, हिले खाऊ घाला काकू. तिचे डोळे काऊन भरले होते काय मालूम. मंग मायनं तेरा वर्षांनी पयल्यांदा इचारलं, दुर्गे, साळा काऊन सोडली होती व तू?

ओठावर आलं होतं, ताई. सगळं. पण मायनं हजार वेळा लोकाईले सांगतलं असंल, माह्या दुर्गाच्या हातचं पोरीईले किती आवडे म्हणून. ते कसं काढून घेऊ तिच्याजवळून. मी म्हटलं, पोट दुखे, माय.

वैशूच्या लेकीनं खावं. त्या पोरीच्या नशिबी अशी भिंत येऊ नये, कोणाच्याच येऊ नये. मी फक्त एवढं सांगतलं, माय, पोरीईले पुड्या बांधून देत जाऊ नको. समोर बसवून खाऊ घाल.

माय म्हणे, काऊन व, बांधून देलं तं काय होते?

मी म्हटलं, सादळतात.