हाताची घडी

ताई – फक्त धरून बघत होते. धरल्यानं झिजतं का ते?

ठमी – विमान धरलं असतंस तर बोललेही नसते. तू रिमोट धरला होतास.

ताई – बरं बाई, ठेवला खाली. पण एक बोलू? चार वर्षं माझ्या पार्लरच्या माडीवर तू हे लाकडी विमान कोरत बसलीस. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायच्या आणि संध्याकाळी हे. फळ्यांतून भुसा पडायचा गिऱ्हाइकांच्या डोक्यावर. मी सांगायचे, कोंडा झालाय तुम्हाला.

ठमी – आणि वर कोंड्याचं तेल विकायचीस.

ताई – विकायचे. मुद्दा तो नाही. शिकायला आणलेली दोन्ही विमानं तू पाडलीस, आणि दोन्ही एकाच कारणानं. लांब जातं तोवर छान. आपल्याकडे तोंड वळलं की तुझं डावं-उजवं उलटंपालटं.

ठमी – सगळ्यांचंच होतं तसं. समोरून येताना त्याचं डावं ते आपलं उजवं.

ताई – माझं नाही होत. कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळात मी एकदा तरी पाडलं? तीस वर्षं आरशात बघून केस कापतेय. माझं डावं की तिचं डावं करत बसले, तर कान जाईल एखादीचा. जिकडे केस लांब दिसतायत तिकडे हात. संपलं. म्हणून म्हणते, आज पहिल्यांदा उडतंय, तर मी उडवते. तू पुढच्या वेळी.

ठमी – ताई, शाळेत मला कोणी चिडवलं की भांडायला तू. नवरा बघितला तू. तो नकोसा झाला तेव्हा कोर्टातही तूच. वकील बाजूला उभा, आणि न्यायाधीश मला विचारतायत, "यातल्या तुम्ही कोण?"

ताई – तू रडत होतीस गं.

ठमी – रडत रडत बोलले असते.

ताई – मग आता काय म्हणणं आहे तुझं?

ठमी – हे एवढं मला करू दे. पडलं तर माझ्या हातून पडू दे.

ताई – चार वर्षं आहेत ती, ठमे.

ठमी – माझी आहेत ना?

ताई – हं.

ठमी – मग हाताची घडी, तोंडावर बोट.

ताई – घडी घातल्यावर बोट कुठनं आणू?

ठमी – नुसती घडी चालेल. काय वाट्टेल ते झालं तरी सोडायची नाही.

ताई – घातली. हा तुझा पायलट एवढा गुलाबी का दिसतोय?

ठमी – कवळीच्या हिरड्यांचं सामान उरलं होतं.

ताई – अगं, दातसुद्धा बसवलेस!

ठमी – हसला तर दिसायला नकोत? सरक मागे.

(ठमी विमान मैदानात वाऱ्याकडे तोंड करून ठेवते. मोटर सुरू होते.)

ताई – पळतंय… पळतंय… अगं, चाकं जमिनीवरून उचलली!

ठमी – दिसतंय मला.

ताई – खरंच आत कोणी बसलंय असं वाटतंय गं. दोन मजली पंख कसे दिसतायत बघ. तुझ्या खोलीत ते कपाटावर नुसतं धूळ खात…

ठमी – ताई, झाडं आली. वळवायला लागेल.

ताई – वळव की.

ठमी – वळलं की आपल्याकडे तोंड होणार.

ताई – होऊ दे. जन्मभर पाठमोरं उडवणार आहेस का?

ठमी – वळवते… वळलं. येतंय. ताई, झुकलं! उजवीकडे… नाही, माझ्या उजवीकडे, म्हणजे त्याच्या… ताई, घे! रिमोट घे!

ताई – नाही.

ठमी – पडतंय! घे म्हणते ना!

ताई – नाव नको घेऊस बाजूचं. कुठला पंख खाली दिसतोय?

ठमी – हा! या बाजूचा!

ताई – मग रिमोटची कांडी त्याच बाजूला ने. त्याला टेकू द्यायचा.

ठमी – त्याच?

ताई – त्याच! लांब दिसतंय तिकडे हात!

ठमी – दिला… अगं, उचलला. उचलला पंख!

ताई – डोक्यावरून जातंय आपल्या. वाकू का?

ठमी – नको, उंच आहे. ताई, परत वळवू?

ताई – मला काय विचारतेस? मी घडी घालून उभी आहे.

ठमी – वळवते. येतंय… आता इकडचा खाली. दिला टेकू. बघितलंस?

ताई – बघतेय ना. डोळ्यांची घडी घालायला नव्हतं सांगितलंस.

ठमी – उतरवते आता. श्वास नको घेऊस.

ताई – कधीचा घेतलेला नाही.

ठमी – खाली… अजून खाली… आई गं, आपटलं.

ताई – उडी मारली जराशी. आपटलं नाही.

ठमी – एक चाक गेलं.

ताई – आणि पायलट?

ठमी – थांब, बघते. दात शाबूत आहेत.

ताई – मग झालं तर.

ठमी – ताई, मगाशी मी ओरडले ना, ते नाटक नव्हतं. खरंच घे म्हणत होते.

ताई – कळलं होतं मला.

ठमी – एवढं ओरडले तरी नाही घेतलंस?

ताई – तूच सांगितलंस, काय वाट्टेल ते झालं तरी.

ठमी – ते चाक कुठे उडालं गं?

ताई – चाक सापडेल. त्या गवतात उडालंय, बघितलंय मी.

ठमी – बरं, सोड आता घडी. ये, शेपटीकडून धर, गाडीत ठेवू.

ताई – थांब जरा. दोन्ही हातांना मुंग्या आल्यात.