वसंताला मी मारला त्याची गोष्ट

हसू नका, खरंच मारला होता. वहीत. मी चौथी शिकलेला माणूस, पण म्हातारपणी गोष्टी लिहायचा नाद लागला. एका गोष्टीत म्हातारा मरायला हवा होता. नवीन नाव कोण शोधत बसणार? शेजारच्या वसंताचंच घातलं. चारच दिवसांत त्याच्या छातीत कळ आली, आणि मुलुंडच्या इस्पितळात बायपास ठरली.

आमची ही माझ्यावर तुटून पडली. "अहो, काय अवदसा आठवली तुम्हाला! आधी ते पान फाडा."

मी असलं काही मानत नाही. पण जेवण तसंच टाकून उठलो. म्हटलं, त्याच्यासमोरच फाडतो. वही पिशवीत घातली आणि इस्पितळ गाठलं.

वसंता पडल्या पडल्या म्हणाला, "माझ्यावर काय लिहिलंयस? वहिनी रडत काहीतरी सांगून गेली."

"मारलाय तुला."

मी वही उघडली आणि पान धरलं.

"थांब रे मुडद्या!" तो ओरडला. "मेल्याची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं, एवढंही ठाऊक नाही? फाडू नको. उद्या ऑपरेशन आहे, त्याच्या आत तेरावंपण उरकून टाक."

तिथेच स्टुलावर बसून मी त्याचं तेरावं लिहिलं.

परवा वसंता स्वतःच्या पायांनी आमच्या घरी आला. वही मागून घेतली, चष्मा लावून सगळं वाचलं आणि माझ्यावरच खेकसला, "कंजूष मेल्या, माझ्या तेराव्याच्या जेवणाला आपलं काळ्या वाटाण्याचं सांबारसुद्धा केलं नाहीस?"