उरलेली गोष्ट

दुसरीला शिकवणाऱ्या पद्मजाबाई शाहूपुरीच्या बसथांब्यावर रांगेत उभ्या होत्या. पुढच्या दोघी बोलत होत्या. शेवंताचं नाव आलं तसे बाईंनी कान टवकारले. पोर त्यांच्याच वर्गातली.

"अंबूबाई, तुझी लेक शेवंता टीव्हीवरची गोष्ट बघती व्हय?"

"बघती की. अर्धीच दावत्यात आन् म्हणत्यात, उरलेली आईकडनं वाचून घ्या. बाईंनी शाळेतनं पुस्तकबी दिलं."

"तुला कुठं वाचाया येतंय?"

"चित्रं बघून मनानंच रचून सांगितली. लई खूश झाली. वर्गात जाऊन तीच सांगितली."

"मग?"

"पुस्तकात येगळीच गोष्ट व्हती. समदी पोरं हसली. बाईबी हसल्या म्हणं."

पद्मजाबाईंनी ओशाळून पदर तोंडाशी धरला.

"आता वाचती का न्हाय?"

"वाचती, मनातल्या मनात. मी जवळ बसाय गेले, की पुस्तक मिटती."