न बदलणारं तिकीट

—अगं थांब, बोट उचल, बटण दाबू नकोस अजून! दाबलंस का? नाही ना? हां. आधी मला सांग, ते कोपऱ्यात लाल रंगात काय पळतंय? चौदा मिनिटं? म्हणजे हा भाव चौदा मिनिटं धरून ठेवलाय आणि मग सोडून देणार? वा! एवढी मोठी विमानकंपनी माझ्यासाठी चौदा मिनिटं श्वास रोखून बसलीय! पोरी, माझ्यासाठी आजवर कुणी थांबलेलं नाही. लग्नाच्या दिवशी मी उशिरा पोचलो, तर नवरी जेवायला बसली होती. आणि ते आजोबा-आजोबा बंद कर बघू, काका म्हण. आजोबा म्हटलं की हे मशीन ऐकतं आणि भाव चढवतं. हसू नकोस, खरं आहे. मी घरी फोनवर आठ दिवस रोज हेच तिकीट बघत होतो, आणि रोज ते थोडं थोडं वर सरकत होतं. त्याला कळतं — म्हातारा अधीर झालाय. म्हणून काल बघितलंच नाही, परवाही नाही, आज दुपारी, जेवणानंतर सगळे पेंगतात तेव्हा, तुझ्या दुकानात येऊन, तुझ्या मशीनवर, परक्यासारखं तोंड करून विचारलं — आणि पडला की नाही खाली? पडलाच!

आता पुन्हा एकदा वाच. एक प्रवासी, बाई, वय सदुसष्ट. जायचं बुधवारी, यायचं बरोबर एकविसाव्या दिवशी. सामानात एक लहान बॅग. पैसे परत मिळणार नाहीत, तारीख बदलता येणार नाही. हे शेवटचं परत वाच. तारीख बदलता येणार नाही. वा, काय गोड लागतं कानाला! घे, हा आमच्या हिचा पासपोर्ट. फोटोत रागावलेली दिसते ना? फोटोवाल्यानं हसू नका सांगितलं होतं, तिला काही वेगळं करावं लागलं नाही.

ती कुठंय म्हणून काय विचारतेस, ती बघ की काचेतून — रस्त्यापलीकडं, बॅगवाल्याच्या दुकानात, करडा स्वेटर, पाठ आपल्याकडं. मी सांगून पाठवलंय, लहान घे, हातात धरून आत नेता येईल अशी, मोठीला वेगळे पैसे पडतात. आणि मानेची उशी घ्यायला विसरू नकोस, असंही सांगितलंय. का? अगं, उशीला कुणी सामान म्हणत नाही! उशीतला कापूस काढायचा, आत सगळे मोजे, दोन साड्या नि एक शाल कोंबायची, गळ्यात घालायची आणि झोपल्याचं सोंग करायचं. मागं एकदा मीच तशी घालून गेलो, मान वळेना, तर तिथल्या बाईला वाटलं माझी हाडं मोडलीत, बिचारीनं चाकाच्या खुर्चीत बसवून थेट विमानाच्या दारात नेऊन सोडलं. रांगबिंग काही नाही. ही मागून दोन्ही पिशव्या उचलून चालत होती.

किती झालं? अकरा? पळतंय की गं हे. तू घड्याळाकडं बघ, मी तिच्याकडं बघतो, वाटणी झाली.

नाव भर तू, भरत राहा, माझ्याकडं लक्ष देऊ नकोस, मला बोलल्याशिवाय बसवत नाही. शाळेत मी सातवी दोनदा केली ती याच तोंडापायी. पण शाळा शिकलेले लोक माझ्याकडं येतात बरं का विचारायला, काका, स्वस्तात कसं जायचं? आमच्या आळीत मला भावपाड्या म्हणतात. लॉजची खोली घ्यायची ना, तर मी फोन करून सांगतो, चाळीस माणसांची सहल आणतोय, आमच्या म्होरक्याला आणि त्याच्या बायकोला आधी एक खोली बघू द्या, फुकटात. लगेच देतात. आम्ही दोघं जाऊन राहिलो, चांगली समुद्राकडची खोली. रोज सकाळी मॅनेजर दारात — साहेब, बाकीचे अडतीस? मी म्हणायचो, वाटेत आहेत. दुसऱ्या दिवशी म्हटलं, बस बंद पडली. तिसऱ्या दिवशी त्यानं मला गाठलंच नाही, हिला गाठलं. जिन्यात. आणि हिनं, पोरी, माझ्या बायकोनं, जिनं जन्मात कधी थाप मारली नव्हती, खाली मान घालून सांगितलं — त्यांच्यातल्या एकाला बरं नाहीये. परत येताना मी हसून हसून लोळत होतो. ही खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, त्या अडतीस जणांत मी असते तर बरं झालं असतं.

हां… नाही, पुढं सरक. काय म्हणालीस? तारीख बदलता येणारं तिकीट थोडंच महाग आहे? किती थोडं? दाखव. एवढंच? चपलेच्या जोडाएवढं? हं. नको. नको म्हटलं ना, स्वस्त ते स्वस्त. पैसे काय झाडाला लागतात? मला नियम मोडवत नाही माझा. तू आपलं हेच कर. घाई कर जरा. ती बॅग बघून इकडं यायच्या आत व्हायला हवं — का म्हणजे? असंच. अगं, असंच! तिला आश्चर्याचा धक्का. आता तू भुवई वर केलीस. करू नकोस. बरं, सांगतो, ती जाताना म्हणाली, मी आल्याशिवाय तिकीट काढू नका. मी बरं म्हटलं. बरं म्हणजे काय, मी सगळ्यांनाच बरं म्हणतो.

नऊ. बघतोय मी, नऊ.

कुणाकडं चाललीय? लेकीकडं, आणखी कुणाकडं. एकुलती एक. तिला मुलगी झालीय, वर्षाची होईल आता, फोनवर मला बघितलं की रडते, हिला बघितलं की हसते, तेवढ्या वयात तिला कळलंय. मी का नाही जात? आता बघ, जावई माणूस भला, पण त्याला थट्टा सोसत नाही. लग्न झाल्यावर दोघं पहिल्यांदा फिरायला निघाले, तर मी आवाज बदलून त्याला फोन केला — साहेब, विमानकंपनीतून बोलतोय, तुम्ही स्वस्तातलं तिकीट काढलंय, त्यात बसायला जागा आहे पण खुर्ची नाही, स्टूल घरून आणावं लागेल. आणलं गं त्यानं! घडीचं स्टूल, काखेत मारून, विमानतळावर, सगळ्या लोकांदेखत वाद घालत होता की मला सांगितलंय म्हणून. आम्ही काचेबाहेरून बघत होतो. मी बघत होतो. लेक रडायला लागली होती, मला वाटलं हसतेय.

तेव्हापासून फोन आला की हिला मागतात. मला विचारतात, तब्येत बरी ना. बरी म्हटलं की संपलं.

थांब, ती बघ. लहान उचलली तिनं. निळी. शाब्बास. ती लहानच घेणार, मी सांगितलंय ना. उघडून बघतेय. आत हात घालून बघतेय किती खोल आहे. आता… खाली ठेवली. काय झालं? काय झालं तिला? दुसऱ्या बाजूला गेली. तिकडं काय ठेवतो गं तो बॅगवाला? तू रोज समोर बसतेस, तुला माहीत असेल. मोठ्या? चाकांच्या?

बघत असेल नुसती. बघायला पैसे पडत नाहीत.

तू मला असं का विचारलंस आत्ता, की तारीख बदलता आली नाही तर त्यांची अडचण होईल का? तुला काय करायचंय, तू तिकिटं विक. तिची कसली अडचण! तीन आठवडे खूप झाले. परवा रात्री लेकीचा फोन आला होता, आवाज मोठा करून ठेवलेला, मी दाराआड होतो — ऐकत नव्हतो, उभा होतो. लेक म्हणाली, आई, इकडं यायचंच तिकीट काढ, परतीचं काढूच नकोस, राहा इकडंच, आता किती दिवस त्यांचं सगळं निभावणार तू? त्यांचं. माझं नाव नाही घेतलं. आणि ही म्हणाली, बघू. एवढंच. बघू. पोरी, चव्वेचाळीस वर्षं ऐकतोय मी, तिला नाही म्हणायचं असेल तर ती नाही म्हणते, स्पष्ट. बघू म्हणजे हो.

म्हणून. आता कळलं? न बदलणारं पाहिजे. पैसे बुडतील म्हटलं की ती येणारच, पैसे बुडवायला ती माझ्यापेक्षा जास्त घाबरते. एकविसाव्या दिवशी, तिकिटावर लिहिल्याप्रमाणे, दारात. ही माझी आजवरची सगळ्यात मोठी युक्ती आहे, आणि तू हसत नाहीयेस.

सहा? आत्ता तर नऊ होती!

हे बघ, मी वाईट माणूस नाही. तू बघतेस तशी बघू नकोस. तिची थोरली बहीण आजारी होती, सहा वर्षं झाली त्याला. निरोप आला, लवकर या. ही उभ्याउभ्या निघायला तयार. मी म्हटलं, आज भाव तिप्पट आहे, शनिवार-रविवार गेला की उतरतो, तीन दिवस दम धर, मला कळतं यातलं. आणि उतरला बरं का! बरोबर उतरला, मी म्हणालो तसाच, मंगळवारी दुपारी, निम्म्यावर. मी टाळी वाजवली होती. आम्ही पोचलो तेव्हा तिथं सगळं आवरून झालं होतं. अंगण धुतलेलं होतं. बहिणीची खाट बाहेर उन्हात टाकलेली. येताना टॅक्सीत हिनं मला एकच विचारलं, अगदी शांतपणे, हिशेब विचारावा तसं — किती वाचले? मी आकडा सांगितला. सांगितला गं मी! मला वाटलं, खरंच विचारतेय.

त्यानंतर तिनं मला कधी टोकलं नाही. कशावरच नाही. मी थट्टा करतो, ती वाढते. मी उशीत मोजे कोंबतो, ती गळ्यात घालते.

काय? पुन्हा सांग. न बदलणाऱ्या तिकिटावर… अलीकडंही येता येत नाही? म्हणजे समजा, आठव्या दिवशीच तिला वाटलं, चला, जावं घरी — तरी नाही? दुसरं तिकीट काढावं लागेल, नवं? आणि समजा मी पडलो-बिडलो मोरीत, तरी? हे मी धरलंच नव्हतं. मी आपला एकाच बाजूनं दार लावत होतो, ते दुसऱ्या बाजूनंही लागतं होय!

चार मिनिटं. गप बस जरा. मला विचार करू दे. सातवीपासून केलेला नाही.

ती बघ. ती बघ, घेतली. मोठी. मरून रंगाची, चाकांची, उभी केली तर तिच्या कमरेला लागते. त्यात तीन आठवड्यांचे कपडे मावत नाहीत, पोरी, त्यात चारही ऋतू मावतात. घासाघीस करतेय त्याच्याशी. बघ, बघ, बॅग सोडून निघाली, दारापर्यंत आली — आता तो हाक मारणार — मारली! मारलीच! हे तिला मी शिकवलं नाही हं. कधी शिकली कुणास ठाऊक. पैसे देतेय.

ऐक. एकविसाव्या दिवशी ती आलीच, दारात उभी राहिली, पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायली — तर मला कसं कळणार? ती आली, की तिकिटानं आणली? मी रोज तिच्या तोंडाकडं बघणार आणि मला कळणार नाही. विचारताही येणार नाही. विचारलं तर ती म्हणेल, पैसे बुडाले असते.

बदल. बदलतं कर. हो, महागातलं! ऐकू आलं ना एकदा, पुन्हा म्हणायला लावू नकोस. हवं तेव्हा बदलता येतं ना? अलीकडं? आणि पलीकडंही, हो, पलीकडंही, कळलं मला. आणि मोठी बॅग लिही. तिच्या हातात तीच आहे. घड्याळ तेच राहील ना? दोन मिनिटं, मग टाक भराभर. आणि एक — तिला सांगायचं नाही. स्वस्तातलं होतं म्हणून सांग. आळीत माझं एक नाव आहे. काय अडलं? कसली तारीख? बदलत्या तिकिटालाही आधी परतीची एक तारीख लिहावी लागते? मग टाक की कुठलीही! मी काय सांगू, तू टाक… नको, तू नको टाकूस. थांब. थांब जरा. रस्ता ओलांडतेय ती. गाडी येतेय, बघत नाही बघ इकडं-तिकडं — बघितलं. आली.

—ये, ये! ढकल जोरात, दार आत उघडतं! अगं काही नाही, हिला हसवत होतो. नाही, काढलं नाही, तू म्हणाली होतीस ना. भाव? भाव काय, पडलाय एकदम, ही सांगेल. सांग गं. बघ, मान हलवतेय. परतीची… हो, परतीचं आहे त्यात, पण पाहिजे तेव्हा बदलता येतं, त्याच पैशात, तशी सवलत निघालीय. फक्त तारखेची जागा रिकामी आहे. एक मिनिट उरलंय म्हणतात. तूच सांग हिला. मोठ्यानं नको, जवळ जाऊन सांग. मी ऐकत नाही. आण ती बॅग इकडं, मी धरतो. चाकं बघू दे. चांगली आहेत. चांगली फिरतात.