सुहासची फुटपाथवरची पार्टी

खळ्ळकन ग्लास फुटला, तो आवाज आजही आठवतो बघा! मी अमेरिकेत मुलाकडे राहत असताना, चँडलर शहरातल्या एका बारमध्ये माझ्या मुलाच्या मित्राने, सुहासने, भांडणात तो आपटला होता. तिथल्या बारवाल्यांचा नियम असा, की एकाने बंदी घातली की सगळ्यांची बंदी. म्हणजे वाळीतच टाकलं की पोराला!

पुढे त्याची नोकरी गेली. भारतात परतायच्या आदल्या दिवशी इथे कोण ओळखतंय म्हणून मित्रांनी दुसऱ्या बारमध्ये पार्टी ठेवली, तर मालकाने त्याला दारातच अडवलं.

"काका, तुम्ही आत बसा. मी थांबतो इथे," सुहास म्हणाला.

मला इंग्रजीत भांडता येईना. मी आतली खुर्ची उचलली आणि त्याच्याशेजारी फुटपाथवर मांडली.

"अरे यार, काका खुर्ची घेऊन चालले!" आतून एक पोरगा ओरडला.

बघता बघता सगळी पोरं खुर्च्या घेऊन बाहेर! मालक तरातरा आला. त्याने आमची पंगत पाहिली, डोळे पुसणारा सुहास पाहिला, आणि आल्या पावली आत निघून गेला.