डाव्या हाताचं होल्स्टर

नाही, नाही, पँटच्या कमरेचं माप नको सांगूस मला. सगळे नवखे तोच सांगतात, अन् मग पट्टा बेंबीवरच अडतो—सरळ उभी राहा, मापाची फीत लावू दे. रिव्हॉल्वरचा पट्टा कमरेच्या खाली बसतो, हाडांवर, त्याला चार बोटं जास्त लागतात. रिव्हॉल्वर आणलंयस? रिकामं आहे? दाखव. गोळ्यांची सहाही घरं रिकामी—बरं. आता त्या भिंतीवरच्या मालाकडे बघू नकोस, ती गुलाबाची वेलबुट्टी बँकवाल्यांसाठी. तुम्ही क्लबवाल्यांनी रविवारी जुन्या काळच्या काउबॉयचा वेष करून लोखंडी पाट्यांवर गोळ्या झाडायच्या, त्याला वेलबुट्टी कशाला? पाटीला काय कळतंय? तुला साधं होल्स्टर हवं, रिव्हॉल्वरचं म्यानच ते, जाड चामड्याचं, दुहेरी शिवणीचं, अन् खिशाला परवडणारं—हे घे. पट्ट्यासकट नव्वद डॉलर. डावखुरी आहेस ना? रिव्हॉल्वर पुढे केलंस तेव्हाच ओळखलं.

एवढं स्वस्त का? अगं, खोट नाहीये त्यात, ओढून बघ शिवण. खोट माझ्यात आहे. उजव्या हाताचंच करायला घेतलं होतं, पण पुठ्ठ्याचा नमुना चामड्यावर उलटा ठेवला, सुरी फिरवली—झालं डाव्याचं! शिकाऊ पोरांची चूक. या वेंडेलने, एक्केचाळीस वर्षं खोगिरं शिवतोय मी इथे, कधी केली नव्हती. एकदाच झाली. म्हणजे—या उन्हाळ्यात चारदा. नजरेच्या मधोमध धूर बसलाय गं, कडा तेवढ्या दिसतात. तुझे कान दिसतात, तोंड नाही. हसतेयस ना? हस, हस. डॉक्टर म्हणतो, हे वाढतच जाणार. पण कुणाला बोलू नकोस, लोरीनला तर मुळीच नाही—माझी बायको, ती काय पुढे गल्ल्यावर बसलीये. तिला कळलं तर उद्याच दुकानाला कुलूप, अन् मी घरी बसून काय करू? हातात सुरी नसली तर मी कोण? कुणीच नाही. भीती वाटते मला, खरं सांगतो.

तिला मी थाप मारलीये, डावखुऱ्यांच्या ऑर्डरी आल्यात म्हणून. ‘बरं’ म्हणाली. भोळी आहे बिचारी! अन् माझं नशीब बघ—आधीची तिन्ही आठ-आठ दिवसांत खपली. एक घोड्यांच्या डॉक्टरने नेलं, एक त्या पेट्रोल पंपाच्या डॅरलने, अन् तिसरं लोरीनच्या चर्चमधल्या म्हातारीने, जिच्याकडे रिव्हॉल्वरच नाही! टेक्सासचा हा कोपरा, माणसं कमी नि गाई जास्त, इतके डावखुरे राहतात कुठे इथे?

काय म्हणालीस? फोन? लोरीनने? तुमच्या क्लबात सगळ्यांना विचारत होती, डावखुरं कोण आहे म्हणून? केव्हा—जूनमध्ये?

जूनमध्ये तर पहिलंच बिघडलं होतं.

नाही, काही झालं नाही. डोळ्यांत पाणी येतं मधूनमधून, तेही त्या आजारातलंच असेल. हे बक्कल लाव, छान बसलंय तुला. पुढे जाऊन तिला पैसे दे. अन् हे बघ, मी काही बोललोय असं तिला सांगू नकोस. फोनवर ऑर्डर दिली होती, एवढंच सांग. ती ‘बरं’ म्हणेल. जा आता, अन् दार ओढून घे.