लेकीच्या गावचा कोंडवाडा

सन एकोणीसशे सत्तावन, माघ महिना, धान चुरून घरात आलं होतं, अन् मले विचारतात, "तुम्ही बाहेरच्या राज्याचे का?" मले! डोमाजीले! तुमाले सांगतो, आम्ही कटंगीकडचे. लेक दिली ती तुमसरच्या रस्त्यावरल्या एका बाजारगावात. गावाचं नाव घेत नाही, लेक नांदते तिथं. वैशाखात लगन लागलं तवा तिचं गाव अन् माझं गाव एकाच राज्यात होतं. ऐन दिवाळीत कोणं तरी नकाशावर रेघ ओढली, आम्ही भोपाळात गेलो, ती मुंबईत गेली... अन् जागचं कोणी हललं नाही! घर तिथंच, नाला तिथंच. पोरीले दिवस गेले ते जुन्या राज्यात, सातवा लागला तो नव्या राज्यात. परमुलूख तो परमुलूख!

सातव्यात लेकीले माहेरी आणा लागते. मी बंडी जुंपली. आता आमची रीत ऐका. लेकीच्या घरचं पाणी बाप पेत नाही. घोटभर नाही. आजकालचे बाप च्या पितात, वरून बिस्कुट खातात, त्यांचं ते जाणोत. मी नाही. अन् मी नाही त माझे बैलही नाही! हासू नका. बैल कोणाचे? माझे. मग व्याह्याच्या गोठ्यात बांधले, त्यानं टाकली पेंडी, त्यानं दाखवलं टाकं, त मी एकटा कोरडा राहून काय उपयोग? म्हणून पेंड्या घरून भरल्या, पाणी वाटेतल्या नाल्यावर पाजलं, अन् बैल सोडले व्याह्याच्या दारापासून चांगले लांब, बाजारातल्या चिंचेखाली.

चिंचेले पाटी होती, इथं जनावर बांधू नये म्हणून. हौ, होती! दोन बुकं शिकलो मी, वाचता येते मले. पण झाडाखाली माणूस सावली पाहते का पाटी पाहते?

व्याही शालिकरामजी. गावात मान, मिशीले तेल. "या या, व्याही! पाणी घ्या!"

"नको."

"गुळाचा खडा तरी?"

"नको."

"बैल कुठं सोडले? गोठा रिकामा आहे ना आपला!"

"आहेत."

"आहेत, पण कुठं?"

"आहेत म्हणलं ना!"

लेकीची तयारी होऊन राह्यली होती, म्हणलं बंडी आणतो. येऊन पाहतो त काय... चिंच आहे, पाटी आहे, शेण आहे, शेणाची वाफही आहे, पण बैल नाहीत! बंडी नाही! समोरचा पानवाला महागू तिथूनच ओरडते, "बाबाजी, बैल पाहून राह्यले का? कोंडवाड्यात नेले! पाटी नाही वाचली का?" साऱ्या गावाले माझ्या वाचण्याचीच पडली होती!

गेलो कोंडवाड्यात. तिथं एक मुन्शी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. "नाव?"

"डोमाजी."

"राज्य?"

"दिवाळीपर्यंत हेच होतं."

"आत्ताचं सांगा, आत्ताचं! ...हं, बाहेरचे. बैलांचा दंड. बैलांचा खुराक. अन् बंडी इथवर ओढून आणली, तिची ओढाई. सव्वाचार रुपये."

म्हणलं, "बंडी ओढली कोणं?"

"बैलांनी."

"कोणाच्या?"

मुन्शी चष्मा पुसते, काच पाहते, पुन्हा पुसते. "तुमच्याच."

ऐकून राह्यले ना? माझी बंडी, माझे बैल, माझ्याच बैलांनी माझी बंडी ओढली अन् ओढाई भरीन मी! परमुलूख तो परमुलूख! कनवटीले दोन रुपये. अन् मुन्शी म्हणते, "नुसत्या पैशानं भागत नाही, बाहेरच्या राज्याचं जनावर सोडाले इथला जामीन लागते. इथं कोणी ओळखते का तुमाले?"

आता सांगा! त्या अख्ख्या मुलखात मले ओळखणारा माणूस एक. ज्याचा गुळाचा खडा मी घेतला नाही, तो! त्याच्यापुढं हात पसरू? "कोणी ओळखत नाही," म्हणलं, अन् बसलो फाटकासमोर.

"बाबाजी, बसून राहाल त खुराक चढते."

"चढू द्या."

अन् फाटकाच्या आत माझा ढवळा, माझ्याकडे पाहून राह्यला... तोंडभर कडबा! मालक सकाळपासून उपाशी, अन् हा शेपटी हालवत खाऊन राह्यला! इतकं वाईट मले रेघ ओढणाऱ्याचंही नाही वाटलं.

गावात बातमी पोचाले वेळ लागते का? लेक सत्यभामा आली, कमरेवर हात ठेवून, सातवा चालू असलेली पोर. "बाबा, उठा."

"नाही."

"मग मीही बसते." अन् बसली! कोंडवाड्याच्या धुळीत! आता माणसानं काय करावं? मी उठेपर्यंत मागून शालिकरामजी आले, जामीन राह्यले, सव्वाचार रुपये मोजले, अन् मुन्शीले ऐकू जाईन असं म्हणतात, "घरचेच बैल, व्याही!"

घरचेच! समजलं का काय झालं? खुराक कोणाच्या पैशाचा झाला? त्याच्या! मी घोटभर पाणी पेलो नाही, अन् माझे बैल पोटभर पाहुणचार करून बाहेर आले. लेक बंडीत बसली. कटंगी येईपर्यंत मी ढवळ्याशी बोललो नाही.

आठवडाभरात रुपये घेऊन गेलो. शालिकरामजी हात जोडतात, "लेकीच्या बापाकडून पैसे घेऊ? पाप लावता का, व्याही?" मनीऑर्डर केली. परत! बारशाले आले तवा पानाखाली ठेवले. जेवले, उठले, पान तिथं, रुपये तिथं! लेक नातवाले घेऊन सासरी गेली, तिच्या गाठोड्यात बांधले. पुढच्या खेपेले पोराच्या झबल्याले गाठ मारून आले! देता येत नाही, ठेववत नाही. अन् ज्या लग्नात जावं तिथं शालिकरामजी पंगतीत सांगून राह्यले, "आमच्या व्याह्याचे बैल मोठे मानी, गोठ्यात जेवत नाहीत, कोंडवाड्यात जेवतात!" पंगत हासते. मी वरण मागतो. परमुलूख तो परमुलूख, पण हासाले कोणाले जामीन लागत नाही! मी आशा सोडली. रुपये कोनाड्यात पडून राह्यले.

सन एकोणसाठ, पौष. लेक माहेरी आलेली. शालिकरामजी नातू पाहाले दमणी जुंपून निघाले, कटंगीच्या बाजारात नातवासाठी पेढे घ्याले उतरले, बैल बांधले झाडाले. झाडाले पाटी होती.

निरोप आला. मी कोनाड्यातले रुपये घेतले. धावलो म्हणतात लोक, मी चाललो. कांजीहाउसासमोर, म्हणजे आमच्याकडल्या कोंडवाड्यासमोर, व्याही उभे, हातात पेढ्याचा पुडा, मिशीले तेल नाही. आतला मुन्शी ओरडून राह्यला, "बाहर का जानवर है, लोकल जमानतदार लाओ!"

"लाया," म्हणलं. "कितना?"

"साढ़े चार."

मी कोनाड्यातले सव्वाचार ठेवले, वर माझ्या कनवटीचे चार आणे ठेवले. बैल बाहेर आले, जबडे हालवत. शालिकरामजी त्यांच्याकडे पाहतात, मग माझ्याकडे पाहतात.

"परमुलूख आहे, व्याही," म्हणाले.

मग खिशात हात घातला, अन् चार आणे माझ्या हातावर ठेवले. मी घेतले.